रोगप्रतिकारक पेशी घडतात कशा?

● उगम : प्रौढांच्या मणके, कमरेची हाडे, बरगड्या यांतील अस्थिमज्जेत रक्ताच्या मूळपेशी असतात. टोरांटोच्या जेम्स टिल व अर्नेस्ट मॅककुलॉक यांनी १९६१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून त्यांचा पुरावा दिला.

● दोन शाखा : या मूळपेशींच्या मायलॉइड शाखेतून न्यूट्रोफिल, मोनोसाइट, लिम्फॉइड शाखेतून बी, टी आणि एनके (नॅचरल किलर) पेशी.

● टी पेशींची चाळणी : अपक्व पेशी छातीतील थायमस ग्रंथीत जातात. निरुपयोगी किंवा स्वतःच्याच शरीरावर उलटू शकणाऱ्या बहुतेक पेशी तिथेच मरतात. मोजक्याच रक्तात उतरतात.

● बी पेशी : अस्थिमज्जेत घडतात, प्लीहेत पक्व होतात.

● उत्पादन : निरोगी प्रौढात रोज सुमारे १० हजार कोटी न्यूट्रोफिल.

● वयाचा परिणाम : पौगंडावस्थेनंतर थायमस आक्रसत जाते, नव्या टी पेशी घटतात.