रांग दुर्गपर्यंत, जागा टिटवाळ्याच्या अलीकडे

बारावी सायन्सच्या पोराला ‘पुढे काय?’ विचारा, पटकन ‘नीट’ म्हणेल. म्हणू दे! आपण जरा ती ‘नीट’ मोजू या. 4 मे 2025, रविवार, दुपारी दोनची वेळ. देशभरात सुमारे 22 लाख 9 हजार मुलं-मुली पेपरला बसली.

या सगळ्यांना सीएसएमटीपासून रुळांच्या कडेने एकामागे एक उभं करा. प्रत्येकाला जागा अर्धा मीटर. दादर गेलं, ठाणं गेलं, कल्याण गेलं. घाट चढून नाशिक, मग भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर. संपली? छे! रांगेचं शेपूट थेट छत्तीसगडात, दुर्गला. 1100 किलोमीटर! मुंबई-पुणे लोहमार्ग पावणेसहा वेळा अंथरावा, तेवढी.

आता सीएसएमटीच्या टोकापासून एमबीबीएसच्या जागा वाटत चला. देशात त्या साधारण सव्वा लाख. टिटवाळ्याचा गणपती दिसायच्या आतच संपल्या! त्यातल्या जवळपास निम्म्या सरकारी, म्हणजे मुलुंडच्या आसपास त्याही खलास. मुलुंडनंतर खासगीच्या फीचे आकडे सुरू होतात आणि बाप घाम पुसू लागतो.

आयआयटीची रांग त्या मानाने आखूड. 2025 ची जेईई मेन दिली पावणेपंधरा लाखांनी, म्हणजे शेपूट वर्ध्याच्या थोडं अलीकडे. अ‍ॅडव्हान्स्डचं दार उघडतं अडीच लाखांना. ते कसाऱ्याला, घाटाच्या पायथ्याशी. आणि तेवीस आयआयटी मिळून जागा किती? 18,160. रांग दादरलाच खलास! फास्ट लोकलने पंधरा-वीस मिनिटं.

पुन्हा त्या रविवारच्या दुपारकडे या. प्रश्न 180, प्रत्येकाला चार गोल, काळ्या बॉलपेनाची वाट बघत. सगळ्या उत्तरपत्रिका मिळून गोल होतात 159 कोटी! प्रत्येकाचे तीन तास, एकूण 66 लाख तास. एकट्या माणसाने न झोपता, न जेवता हे तास भरून काढायचे म्हटलं तर 756 वर्षं. 2025 ला पेपर संपवायचा तर त्याने बसायला हवं होतं देवगिरीवर यादव राज्य करत असताना, ज्ञानेश्वरांच्या जन्माच्याही आधी! फी? अर्जाची सर्वांत कमी फी, हजार रुपये, सगळ्यांना लावली तरी पावणेतेवीस लाख अर्जांचे 227 कोटी.

पण मला भुरळ घालणारा आकडा आहे दहावी झालेल्या पोराच्या हातातल्या अकरावीच्या फॉर्मवर. 2025 पासून राज्यभर ऑनलाइन प्रवेश, पसंतीला दहा कॉलेजं. समजा दहा कॉलेजं पक्की ठरली, फक्त क्रम लावायचाय. किती प्रकारे लागेल? 36 लाख 28 हजार 800! सेकंदाला एक क्रम लिहीत सुटलात, तर बरोब्बर 42 दिवस, रात्रंदिवस.

आता आईने शेजारच्या काकूंचं ऐकून आणखी दहा नावं आणली. वीसातून दहा निवडा, क्रम लावा. 67 हजार 44 कोटी! जगातल्या प्रत्येक माणसाला ऐंशी-ऐंशी फॉर्म वाटा, तरी उरतील. सेकंदाला एक या वेगाने 21 हजार वर्षं!

आणि हे फक्त वीस कॉलेजांत. राज्याच्या यादीत होती नऊ हजारांवर. फॉर्म भरायला मुदत, जेमतेम आठवडा-दीड आठवडा.