भिलाईची टाकी आणि मुंबईची खाडी

छत्तीसगडमधला भिलाईचा पोलाद कारखाना म्हटलं की आठवतात ते रेल्वेचे रूळ, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झालेली पहिली झोतभट्टी. कोक ओव्हन विभागातल्या, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या बीओडी प्लांटचं नाव मात्र कारखान्याबाहेर फारसं कोणी ऐकलेलं नसतं. तिथलं काम जिवाणू करतात, आणि समुद्रात सांडलेलं तेल पचवणाऱ्या जिवाणूंशी त्यांचं जवळचं नातं आहे.

दगडी कोळसा हवेविना हजार अंशांच्या आसपास तापवला की कोक मिळतो. सोबत निघणारा वायू थंड करताना डांबर आणि उग्र वासाचं पाणी हाती येतं. त्या पाण्यात फिनॉल, सायनाइड, थायोसायनेट, अमोनिया सगळंच असतं. नियमाप्रमाणे बाहेर सोडायच्या पाण्यात लिटरमागे फिनॉल १ मिलिग्रॅमच्या आणि सायनाइड ०.२ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. म्हणून आधी डांबर आणि तेल वेगळं काढायचं, वाफेने अमोनिया उडवायचा आणि उरलेलं पाणी जिवाणूंच्या टाकीत सोडायचं.

या जिवाणूंची बडदास्त ठेवावी लागते. अहोरात्र हवा द्यावी लागते. कोकच्या पाण्यात नायट्रोजन भरपूर, पण फॉस्फरस जवळजवळ नसतो. तो वरून घालावा लागतो. फिनॉलचा लोंढा एकदम आला तर टाकीतला जिवाणूंचा गाळ मरतो आणि पुन्हा जम बसायला कित्येक दिवस जातात. अमोनिया पचवणारे जिवाणू तर फारच नाजूक. छत्तीसगडचा मे महिना त्यांना सोसत नाही.

समुद्रावर अशी सरबराई कोण करणार?

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडलं. कंटेनर पाण्यात पडले, त्यांतल्या काहींत कीटकनाशकं होती. ऐन पावसाळ्यात तेलाचा तवंग रायगडच्या किनाऱ्यावर आणि कांदळवनांत शिरला. वाळूवरचं तेल फावड्याने उचलता येतं. कांदळवनाच्या श्वासमुळांमध्ये फावडं चालवलं तर तेलाआधी झाडच मरतं.

मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर त्या वेळी 'ऑइलझॅपर' वापरलं गेलं. दिल्लीच्या 'टेरी' संस्थेने केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने ते तयार केलं आहे. तेल म्हणजे शेकडो संयुगांचं मिश्रण, आणि ते सगळं पचवणारा एकही जिवाणू नाही. म्हणून वेगवेगळ्या घटकांवर जगणाऱ्या पाच जिवाणूंची टोळी जमवून ती मक्याच्या दाणे काढलेल्या कणसांच्या भुकटीवर बसवली. तेल खाऊन ते मागे ठेवतात मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाणी.

एकाच जिवाणूत सगळी ताकद भरण्याचा प्रयत्न त्याआधी झाला होता. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणारे बंगाली शास्त्रज्ञ आनंदमोहन चक्रवर्ती यांनी १९७१च्या सुमारास असा स्यूडोमोनास घडवला. १९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याला पेटंट मिळू शकतं, असा निकाल दिला. जैवतंत्रज्ञानाचा उद्योग त्या निकालावर उभा राहिला. तेल सांडलेल्या समुद्रात मात्र तो जिवाणू कधी उतरवला गेला नाही.

अलास्कात १९८९ साली 'एक्सॉन व्हाल्डेझ' हे तेलवाहू जहाज फुटलं, तेव्हा शास्त्रज्ञांनी बाहेरून जिवाणू आणण्यापेक्षा किनाऱ्यावर आधीच असलेल्यांना खत घालण्यावर भर दिला. समुद्रात तेल सांडलं की कार्बन भरमसाट होतो आणि नायट्रोजन-फॉस्फरस अपुरा पडतो. ते मिळताच तिथल्याच जिवाणूंनी वेग घेतला. भिलाईच्या टाकीत फॉस्फरस घालतात त्यामागेही हेच कारण आहे.

तरी जिवाणूंकडून जादूची अपेक्षा करू नये. ताजा जाड तवंग त्यांना आवरत नाही. तो आधी अडवून, उपसूनच काढावा लागतो. हवा न पोचणाऱ्या काळ्या चिखलात तेल वर्षानुवर्षं पडून राहतं. जिवाणूंचं खरं काम नंतरचं, पातळ उरलेल्या तेलाचं, आणि ते महिनोन्‌महिने चालतं.

भिलाईत जिवाणूंवर रोज माणसांची नजर असते, म्हणून ते कामाला येतात. किनाऱ्यावर त्यांची आठवण अपघातानंतर होते. असे जिवाणू भुकटीत काही महिनेच तग धरतात. त्यामुळे एकदा खरेदी करून गोदामात टाकलेला साठा ऐन वेळी उपयोगी पडणार नाही. मुंबई, उरण आणि रायगडच्या खाड्यांसाठी ताजा साठा, तो वापरता येणारी माणसं आणि कांदळवनांचे नकाशे बंदर प्रशासनाने व राज्य सरकारने आजपासूनच तयार ठेवावेत.