विमानतळावरची नवी ई-गेट: उमऱ्याला, आखातात जाणाऱ्यांनी काय समजून घ्यावं?

सेनगाव तालुक्यातून कुणी उमऱ्याला निघालं किंवा एखादा मुलगा नोकरीसाठी आखातात चालला, की अर्ध्या मोहल्ल्याला काळजी लागते. रात्रभर प्रवास करून मुंबई किंवा हैदराबाद गाठायचं आणि तिथे इमिग्रेशनच्या लांब रांगेत उभं राहायचं. ही रांग कमी करणारी एक सरकारी सोय आता आली आहे. पण तिच्याबद्दल आपल्याकडे माहिती कमी आणि गैरसमज जास्त, म्हणून हा लेख.

योजनेचं नाव 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम'. 22 जून 2024 रोजी दिल्लीच्या टर्मिनल 3 वर ती सुरू झाली. 16 जानेवारी 2025 ला मुंबई, हैदराबाद, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, कोची आणि अहमदाबाद ही सात विमानतळं जोडली गेली. सप्टेंबर 2025 मध्ये लखनौ, तिरुवनंतपुरम, तिरुचिरापल्ली, कोझिकोड आणि अमृतसर आले. टप्प्याटप्प्याने 21 मोठी विमानतळं घ्यायची असं ठरलं आहे. पहिल्या टप्प्यात ही सोय भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारकांसाठी आहे.

काम कसं चालतं? आधी गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा. छाननीत अर्ज मंजूर झाला की बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो द्यायचा. हे एफआरआरओ कार्यालयात किंवा विमानतळावर होतं. नंतर प्रवासाच्या दिवशी ई-गेटवर बोर्डिंग पास आणि पासपोर्ट स्कॅन करायचा. मशीनने ओळख पटवली की गेट उघडतं आणि इमिग्रेशन झालं असं धरलं जातं. नोंदणी पाच वर्षं किंवा पासपोर्टची मुदत, यातलं जे आधी संपेल तोवर चालते.

आता गैरसमज. एक, ही योजना मोफत सुरू झाली आहे. 'फास्ट ट्रॅक करून देतो' म्हणून कुणी पैसे मागितले तर सावध राहा. दोन, 'डिजीयात्रा' वेगळी, ती देशातल्या विमानांसाठी. तीन, यामुळे व्हिसा लागत नाही असं मुळीच नाही. मुंबईत गेट झटकन उघडलं तरी जेद्दाहला सौदीची तपासणी आणि बोटांचे ठसे आहेतच. चार, नोंदणी सक्तीची नाही. नेहमीचे काउंटर चालूच आहेत.

हा चौथा मुद्दा आपल्या घरांसाठी महत्त्वाचा आहे. कापूस वेचून, निंदण-खुरपण करून आमच्या अम्मी-अब्बांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. रेशन दुकानात अंगठा उमटत नाही, हे आपण दर महिन्याला बघतो. विमानतळावर मशीनने ओळखलं नाही तर घाबरू नका. माणूस बसलेल्या काउंटरवर जा, उमरा अडत नाही. नोंदणी प्रत्येकाची स्वतंत्र असते. मुलाची झाली म्हणून अम्मी त्याच्यासोबत गेटमधून जाऊ शकत नाही. म्हणून निघायच्या आधीच ठरवा, कोण कुठून जाणार आणि पलीकडे कुठे भेटणार.

जगभर हेच चाललंय. युरोपातल्या 29 देशांनी 12 ऑक्टोबर 2025 पासून शिक्क्याऐवजी ठसे आणि फोटोची नोंद टप्प्याटप्प्याने सुरू केली.

मशीन आपली अडचण समजून घेत नाही, ते फक्त नोंद जुळवतं. म्हणून पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटावर नावाचं स्पेलिंग अक्षरशः एकच आहे का, हे आजच घरातल्या शिकलेल्या पोराकडून तपासून घ्या. 'शेख' कुठे आधी, कुठे शेवटी, असं आपल्याकडे फार होतं. ही दुरुस्ती तिकीट काढण्याआधी होते, गेटसमोर नाही.