एका तारखेचे मानकरी : बारा दिवसांचा हिशेब

शाळेच्या दाखल्यावरील १ जून या तारखेचा विचार या आठवड्यात व्हावयाचा होता. परंतु मागील लेखातील २२ जानेवारीच्या यादीवर एका वाचकाने घेतलेली हरकत इतकी नेमकी आहे की, तिचे निरसन केल्याविना पुढे जाणे योग्य ठरणार नाही, आणि ते निरसन दोन ओळींत आटोपण्यासारखेही नाही. हरकत अशी की, सर्गेई आयझेन्स्टाइन हा चित्रपट-दिग्दर्शक रिगा शहरात जन्मला त्या दिवशी तेथे १० जानेवारी १८९८ ही तारीख चालू होती. मग २२ जानेवारी १८७५ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात जन्मलेल्या डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या पंक्तीला त्याला बसवणे ही निव्वळ मखलाशी नव्हे काय?

रिगा आज लाटव्हियाची राजधानी असली, तरी १८९८ मध्ये ते रशियन साम्राज्याचे बंदर होते आणि त्या साम्राज्यात ज्युलियन दिनदर्शिका चालत असे. ज्युलियस सीझरच्या काळात रूढ झालेल्या या दिनदर्शिकेत दर चौथे वर्ष निरपवादपणे लीप वर्ष असते, त्यामुळे तिचे सरासरी वर्ष ३६५ दिवस ६ तासांचे होते; ऋतुचक्राचे खरे वर्ष मात्र त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. अकरा मिनिटे म्हणजे काहीच नव्हे असे वाटते खरे, पण ती साचत जाऊन सुमारे १२८ वर्षांत एक पूर्ण दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत ही चूक इतकी वाढली होती की, पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवसाला १५ ऑक्टोबर म्हणावे असा हुकूम काढला, आणि पुढे पुन्हा चूक साचू नये म्हणून शतकाच्या अखेरच्या वर्षांपैकी ज्यांना ४०० ने भाग जातो तेवढीच लीप वर्षे धरावीत असा नियम घातला. कॅथलिक देशांनी हा बदल लवकर स्वीकारला, इंग्लंडने आणि त्याच्या वसाहतींनी तो १७५२ मध्ये केला, आणि रशियाने तर क्रांतीनंतर, १९१८ साली, ३१ जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी १४ फेब्रुवारी मानून तो अमलात आणला. इतिहासाच्या ग्रंथांत रशियन तारखांपुढे ‘जुनी पद्धत’ आणि ‘नवी पद्धत’ असे जे शब्द आढळतात, त्यांचा अर्थ अनुक्रमे ज्युलियन आणि ग्रेगोरियन एवढाच आहे.

या दोन पद्धतींतील अंतर मात्र कायमचे ठरलेले नाही, आणि नेमकी येथेच अनेक चरित्रकोशांची गफलत होते. १७००, १८०० आणि १९०० ही वर्षे ज्युलियन पद्धतीत लीप होती, ग्रेगोरियन पद्धतीत नव्हती; त्यामुळे अंतर अठराव्या शतकात ११ दिवसांचे, एकोणिसाव्यात १२ दिवसांचे आणि १९०० च्या मार्चपासून पुढे १३ दिवसांचे झाले. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचा नाताळ आज ७ जानेवारीला येतो तो या १३ दिवसांमुळे. आयझेन्स्टाइनच्या जन्मवर्षी अंतर १२ दिवसांचे असल्याने १० मध्ये १२ मिळवून २२ जानेवारी ही तारीख येते. १३ मिळवून २३ काढणाऱ्यांनी विसाव्या शतकाचे माप एकोणिसाव्या शतकाला लावले, असे म्हणावे लागेल.

तरीही हरकत घेणाऱ्या वाचकाच्या बाजूने एक गोष्ट मांडली पाहिजे. १९०१ च्या जानेवारीत रिगा येथे १० तारीख उजाडली आणि आयझेन्स्टाइन तीन वर्षांचा झाला, तेव्हा अंतर १३ दिवसांवर गेलेले असल्याने केंटकीत २३ जानेवारी होती. आणि १९०१ ते १९१८ या काळातील त्याचे सलग अठरा वाढदिवस याच रीतीने ग्रिफिथच्या वाढदिवसानंतर एक दिवसाने पडले. म्हणजे ज्या दिवशी तो जन्मला तो दिवस ग्रिफिथचा वाढदिवस होता, पण त्याचे बालपण व तारुण्य त्या तारखेला चुकवून गेले. प्रस्तुत लेखमालेने पाळलेला नियम असा की, जन्माच्या प्रत्यक्ष दिवशी ग्रेगोरियन जगात जी तारीख होती तीच धरावी, आणि या नियमाने आयझेन्स्टाइन यादीत राहतो.

हा नियम लावला की इतर सोव्हिएत दिग्दर्शकांचेही स्थलांतर होते. व्सेवोलोद पुदोवकिन १६ फेब्रुवारी १८९३ वरून २८ फेब्रुवारीला येतो, तर वृत्तपटांचा आद्य प्रयोगकर्ता झिगा व्हर्तोव २१ डिसेंबर १८९५ वरून २ जानेवारी १८९६ ला येतो. म्हणजे त्याचे जन्मवर्षच बदलते, आणि चित्रपटाचा जन्म १८९५ चा धरणाऱ्यांना व्हर्तोव आणि चित्रपट यांना समवयस्क म्हणण्याचा मोह जुन्या पद्धतीनेच पुरा करता येतो. आयझेन्स्टाइनच्या ‘ऑक्टोबर’ या चित्रपटाचे नावही याच घोटाळ्याचे अपत्य आहे, कारण ज्या क्रांतीच्या दशकपूर्तीसाठी तो काढला गेला ती जुन्या पद्धतीने २५ ऑक्टोबरची असली, तरी तिचा वाढदिवस १९१८ नंतर ७ नोव्हेंबरलाच साजरा होत राहिला.

मराठी वाचकाला हा सगळा प्रकार दूरदेशीचा वाटण्याचे कारण नाही. शिवजयंती तिथीने की तारखेने हा वाद महाराष्ट्राला परिचित आहे. त्या वादात पडण्याचे हे स्थळ नव्हे, पण फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ या तिथीची म्हणून जी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सर्वतोमुखी आहे ती ज्युलियन आहे, आणि ग्रेगोरियन पद्धतीने तोच शुक्रवार १ मार्च १६३० ठरतो, एवढे नोंदवणे येथे अप्रस्तुत होणार नाही.

आता ज्या जोडीसाठी हा हिशेब केला, तिच्याकडे वळता येईल. ग्रिफिथ आणि आयझेन्स्टाइन यांची तारीख जुळणे हा योगायोग आहे, आणि तेवीस माणसांच्या खोलीत दोघांचा वाढदिवस एकच निघणे किती सहज शक्य आहे, हे मागील लेखातील गणित ज्यांना आठवत असेल त्यांना तो फारसा नवलाचाही वाटणार नाही. नवल आहे ते हे की, चित्रपटाच्या संकलनाचा, म्हणजे शॉट कापून एकमेकांना जोडण्याच्या कलेचा, इतिहास लिहिताना ही दोन नावे तारखेविनाही शेजारीच येतात. ग्रिफिथने १९०८ पासून बायोग्राफ कंपनीत शेकडो लहान चित्रपट केले आणि त्यांतून समांतर संकलन रूढ केले. घरात अडकलेली बायकामुले, दारावर चोर, आणि दूरवरून धावत येणारा पती, अशा एकाच वेळी घडणाऱ्या घटनांचे तुकडे आलटून पालटून, क्रमाने आखूड करीत दाखवणे म्हणजे समांतर संकलन; १९०९ च्या ‘द लोनली व्हिला’ मध्ये त्याचे स्वच्छ उदाहरण आहे. १९१५ चा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या तंत्राच्या बळावर प्रेक्षकांना खुर्चीच्या कडेला आणतो, आणि नेमके ते बळ काळ्या लोकांना राक्षस ठरवण्यासाठी व कू क्लक्स क्लॅनला तारणहार ठरवण्यासाठी खर्च करतो. तंत्राची स्तुती करताना हे झाकून ठेवणारे लेखन प्रामाणिक मानता येत नाही. पुढील वर्षीच्या ‘इन्टॉलरन्स’ मध्ये बॅबिलोन, ख्रिस्ताचा काळ, १५७२ चे फ्रान्स आणि आधुनिक अमेरिका अशा चार कथा त्याने एकमेकींत विणल्या, आणि पाळणा हलवणाऱ्या स्त्रीचे एकच दृश्य पुन:पुन्हा आणून त्यांना सांधले.

हा चित्रपट क्रांतीनंतरच्या रशियात पोचला आणि तेथील तरुण मंडळींनी तो अक्षरशः अभ्यासाला लावला. आयझेन्स्टाइनने त्यातून जे घेतले त्याला मोंताज म्हणतात. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ जुळणी एवढाच आहे, परंतु आयझेन्स्टाइनच्या हातात त्याला टकरीचा अर्थ आला. दोन शॉट एकमेकांवर आदळून तिसराच अर्थ, जो दोहोंपैकी कोणत्याही शॉटमध्ये नाही, प्रेक्षकाच्या मनात निर्माण व्हावा, अशी त्याची मांडणी होती. १९२५ च्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’ मध्ये क्रिमियातील राजवाड्यापुढचे तीन दगडी सिंह एकामागून एक दिसतात. पहिला निजलेला, दुसरा जागा झालेला, तिसरा उठलेला, आणि पडद्यावर मात्र एकच सिंह गर्जत उठल्याचा भास होतो. १९४४ मध्ये डिकन्स आणि ग्रिफिथ यांच्यावर लिहिलेल्या दीर्घ निबंधात आयझेन्स्टाइनने ग्रिफिथचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आणि त्याच हाताने हिशेबही चुकता केला: ग्रिफिथच्या समांतर रेषा त्याला श्रीमंत आणि गरीब अशा दोन तुकड्यांत विभागलेल्या समाजाचे प्रतिबिंब वाटल्या, आणि पाळण्याचे ते दृश्य प्रतीकाच्या पदवीला पोचलेच नाही, असा त्याचा निकाल होता. पाळण्याबाबतचा निकाल मान्य करण्यास हरकत नाही. समाजाबाबतचा निष्कर्ष मात्र काळाच्या राजकारणाने ओढून आणलेला दिसतो. १९४८ साली ११ फेब्रुवारीला मॉस्कोत आयझेन्स्टाइन गेला, तेव्हा तो अवघा पन्नास वर्षांचा होता. आणि त्याच वर्षी २३ जुलैला हॉलिवूडमध्ये, चित्रपटसृष्टीने कधीच बाजूला सारलेला ग्रिफिथ गेला.

२२ जानेवारीचा भारतीय मानकरी विजय आनंद हाही संकलनाच्याच अंगाने विचार करणारा दिग्दर्शक होता, हे वाचून फलज्योतिषावर श्रद्धा असणाऱ्यांना आनंद होईल. परंतु तो फार काळ टिकणार नाही. २२ जानेवारी १९३४ रोजी गुरदासपूरला विजय आनंद जन्मला आणि त्याच तारखेला सॅन फ्रान्सिस्कोत बिल बिक्सबी. पहिल्याने ‘गाईड’, ‘तीसरी मंझिल’ आणि ‘ज्वेल थीफ’ दिग्दर्शित केले. दुसरा अमेरिकन दूरचित्रवाणीवरील ‘द इन्क्रेडिबल हल्क’ या मालिकेत, राग आला की हिरव्या दैत्यात रूपांतर होणाऱ्या शास्त्रज्ञाची भूमिका करून घराघरांत पोचला. विजय आनंदही दूरदर्शनवर १९९४ च्या ‘तहकीकात’ मालिकेत गुप्तहेर सॅम डिसिल्व्हा म्हणून दिसला, एवढा दुवा हवा तर जोडावा. गुरदासपूरला मध्यरात्री २२ तारीख लागली तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत २१ तारखेचे सकाळचे साडेदहा वाजले होते, हे पाहता तारीख एक असूनही ते एकाच घटकेला जन्मले असे धरून चालता येत नाही.

तिथीच्या बाजूने पाहिले तर विजय आनंदचा खरा जोडीदार वेगळाच निघतो. चांद्रमासांचे आणि सौरवर्षांचे गणित १९ वर्षांनी जवळजवळ पूर्ण जुळते, त्यामुळे दर १९ वर्षांनी त्याच तारखेला तीच किंवा लगतची तिथी येते. १९३४ मध्ये १५ जानेवारीला अमावास्या होती, १९५३ मध्येही १५ जानेवारीलाच होती. आणि २२ जानेवारी १९५३ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यात जिम जारमुश जन्मला. विजय आनंदप्रमाणे त्याच्याही जन्मवेळी शुक्ल पक्षातील चंद्र अर्ध्याच्या आसपास आला होता. जारमुशच्या १९८४ च्या ‘स्ट्रेंजर दॅन पॅरडाइज’ मध्ये प्रत्येक प्रसंग एकाच अखंड शॉटचा आहे आणि दोन प्रसंगांच्या मध्ये पडदा काही क्षण निव्वळ काळा होतो. ग्रिफिथ आणि आयझेन्स्टाइन यांनी ज्या कात्रीवर आयुष्य काढले, ती त्यांच्या तारखेच्या वारसाने अशी खाली ठेवली. ‘गाईड’ मधील एक द्वंद्वगीतही मोजक्याच लांब शॉटांत चित्रित झालेले आहे, आणि गाण्याच्या चित्रणाचा तो नमुना हिंदी चित्रपटाने नंतर फारसा गिरवला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

‘कॅलिगारी’ मधील निद्राचर आणि ‘कॅसाब्लांका’ मधील नाझी मेजर साकारणारा कॉनराड व्हाइट हाही २२ जानेवारीचाच, १८९३ चा. तो बर्लिनचा असल्याने त्याच्या तारखेला बेरीज-वजाबाकीची गरज नाही.

१ जूनचा विषय पुढील आठवड्यात निश्चित घेतला जाईल. त्या तारखेला मेरिलिन मन्रो १९२६ मध्ये आणि नर्गिस १९२९ मध्ये जन्मल्या, पण महाराष्ट्रात ती तारीख ज्या हजारो घरांत आहे तिचा उगम प्रसूतिगृहात नसून पहिलीच्या वर्गात नाव घालताना गुरुजींनी केलेल्या नोंदीत आहे. वाचकांनी तोपर्यंत घरातील वडीलधाऱ्यांचा शाळा सोडल्याचा दाखला काढून जन्मतारखेची ओळ वाचून ठेवावी, आणि खरी तिथी कोणाला आठवत असल्यास तीही विचारून घ्यावी.