मोरचूद, गोदावरी आणि शिंपले

गंगापूर रोडचा शहराकडील भाग आता इमारतींनी व्यापला असला, तरी सावरगावच्या बाजूस द्राक्षमळे आहेत, आणि पावसाळ्यात त्यांवरून वाहणारे पाणी अखेर गोदावरीसच मिळते. त्या पाण्याबरोबर काय जाते, याचा हिशेब मांडावा असे आम्हांस वाटते. उभा जन्म महसुली दप्तरात गेल्यामुळे आकड्यांची खोड आम्हांस आहेच.

केवड्यावरील बोर्डो मिश्रण फ्रान्सातील मिलार्डे यांनी १८८५ साली जगापुढे ठेवले. एक टक्का मिश्रण हेक्टरी हजार लिटर फवारले, म्हणजे दहा किलो मोरचूद पडले. त्यात चौथा हिस्सा, सुमारे २.५ किलो, निव्वळ तांबे. दोन फवारण्यांचे ५ किलो झाले. युरोपीय संघाने २०१८ साली सात वर्षांस मिळून हेक्टरी २८ किलो, म्हणजे सालिना सरासरी ४ किलो, अशी मर्यादा घातली. तांबे कुजत नाही, उडूनही जात नाही. मातीच्या कणांस चिकटून राहते आणि धूप झाली की गाळाबरोबर ओहोळात उतरते.

तेथे शिंपले असतात. शिंपला जागचा फारसा हलत नाही. कल्ल्यांतून पाणी गाळून अन्नकण खातो व त्यांसोबत तांबेही अंगात घेतो. थोडे तांबे त्यास हवेच असते. अधिक झाले म्हणजे पेशीत त्याच्या योगाने प्राणवायूपासून अत्यंत दाहक कण उत्पन्न होतात, आणि ते पेशीचे स्निग्ध पापुद्रे व प्रथिने नासवितात. पेशीही स्वस्थ बसत नाही. एक प्रथिन दुसऱ्यास फॉस्फेटाची खूण लावून वर्दी देते, दुसरे तिसऱ्यास; कोतवालाकडून पाटलाकडे, पाटलाकडून मामलेदाराकडे जावी तशी. वर्दी केंद्रकात पोचली की मेटॅलोथायोनीन नावाचे गंधकयुक्त प्रथिन अधिक तयार होऊन धातूस बांधून ठेवते. मात्र या बंदोबस्तास शक्ती लागते, आणि ती वाढीतून व प्रजोत्पादनातून वजा होते. भार टळला नाही, तर वर्दीची तीच यंत्रणा पेशीस मरणाचा हुकूम देते.

शिंपल्यास पाण्याचा पहारेकरी करावे, असे अमेरिकेतील गोल्डबर्ग यांनी १९७५ साली सुचविले. १९८६ पासून तेथील किनाऱ्यांवर शिंपल्यांची सरकारी तपासणी सुरू झाली. आमच्या मते गोड्या पाण्यातील लॅमेलिडेन्स जातीचा शिंपला आपल्याकडे हेच काम करील.

फवारणी बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. केवडा शिरला तर घड हातचा जातो, हे आम्ही जाणतो. परंतु बागाईतदार बंधूंनी पंप ओहोळात धुण्याची चाल सोडावी, काठाशी गवताचा पट्टा राखावा, आणि माती तपासावयास देताना तांब्याचाही आकडा मागून घ्यावा.