घरी बांधलेल्या विमानाचा ऑईल कूलर

अमेरिकेत हौशी मंडळींनी घरच्या घरी विमान बांधण्याची प्रथा जुनी आहे. १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यात अशा मंडळींची ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संघटना स्थापन झाली. या विमानांत लायकॉमिंगचे १६० किंवा १८० अश्वशक्तीचे इंजिन पुष्कळदा बसविले जाते. हे इंजिन हवेने थंड होणारे म्हणून ओळखले जात असले, तरी त्यातील उष्णतेचा काही भाग तेलच वाहून नेते. ऑईल कूलरची निवड त्यामुळे गौण ठरत नाही.

या इंजिनांत तेलाचे तापमान ११८ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये, असा दंडक आहे. तेल त्याहून तापल्यास पातळ होते आणि बेअरिंगची झीज होते. मात्र अतिथंड तेलही घातकच! ज्वलनातून तेलात उतरलेले पाणी उडून न गेल्यास आम्ले तयार होतात व कॅमशाफ्ट गंजतो. म्हणून ८२ अंशांच्या आसपासचे तापमान इष्ट मानतात.

कूलरची खरी कसोटी लागते ती कडक उन्हात, पूर्ण शक्तीनिशी विमान वर चढत असताना. कारण त्या वेळी वेग कमी व हवाही कमी. तापमान वाढले की मोठा कूलर आणण्याकडे बांधणाऱ्यांचा कल असतो. वस्तुतः दोष कित्येकदा हवेच्या वाटेत असतो. कूलरच्या पुढे दाब अधिक आणि मागे कमी असेल, तरच त्यातून हवा वाहते. फटींतून ती निसटत असल्यास थोरला कूलरही निरुपयोगी ठरतो. तेव्हा प्रथम फटी बुजवाव्यात, हवेच्या नळीतील वळणे कमी करावीत, मागील वाट मोकळी करावी. अधिक ओळींच्या कूलरचा खर्च त्यानंतर. हिवाळ्यात मात्र त्याच्या तोंडाशी झडप लागते.