आधी खरखर हुडकू या

चौकटीच्या एरियलची कृती या आठवड्यात द्यायची होती. चौकट ठोकून झाली आहे, तारही गुंडाळली आहे, पण ती आता पुढच्या आठवड्यावर ढकलतो. सासवडहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्याला आधी उत्तर दिलं नाही, तर माझी कृती वाचून त्या तारेवर निष्कारण पैसे घालवतील.

ताई घरीच ब्लाउज-ड्रेस शिवतात. सकाळचं सगळं आवरलं की मशीनवर बसतात, त्या दिवेलागणीपर्यंत. सोबतीला सासऱ्यांच्या वेळचा ट्रान्झिस्टर, त्यावर मीडियम वेव्हचं पुणे केंद्र, ७९२ किलोहर्ट्झ. त्या लिहितात : ‘गेल्या वर्षीपर्यंत बरं लागायचं. आता मशीन चालवलं की नुसतं घर्रर्र, आणि थांबवलं तरी बारीक गुणगुण राहतेच. तुम्ही मोठी एरियल सांगणार आहात, ती कधी?’

ताई, तुम्हाला मोठी एरियल नकोच आहे.

पुण्याचा मीडियम वेव्हचा ट्रान्समीटर १०० किलोवॉटचा, हडपसरला. सोलापूर रस्त्यावरच्या ‘आकाशवाणी’ नावाच्या बस थांब्याला नाव पडलं ते त्यामुळेच. तिथून सासवड सरळ रेषेत जेमतेम वीस किलोमीटर. मध्ये दिवे घाट आहे हे खरं, आणि एफएमला तो नडतो. एफएमची लहर तीन मीटरची, तिला समोर डोंगर आला की अडचण होते. ७९२ ची लहर जवळजवळ ३८० मीटर लांब. ती जमिनीला धरून चालते आणि असल्या घाटाची फारशी दखल घेत नाही. म्हणजे तुमच्या घरात पुणे केंद्र भरपूर पोचतं आहे. कमी काहीच नाही, जे आहे ते जास्तच आहे. गोंगाट! तो घरातला असेल तर मोठी एरियल स्टेशनाबरोबर तोही ओंजळी भरभरून गोळा करेल.

एरियल की गोंगाट, यात नव्वद टक्के माणसं एरियलकडे धावतात. पूर्वी ते बरोबर होतं. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टी आणि नळाला बांधलेली अर्थची तार आठवत असेल, तर त्या काळी घरात विजेवर चालायचं काय? दिवा, पंखा, फार तर इस्त्री. त्यातलं काहीच रेडिओच्या भाषेत बोलत नव्हतं. आज प्रत्येक चार्जर, प्रत्येक एलईडी ट्यूब, वायफायचा प्रत्येक डबा हा स्वतःच एक चिमुकला ट्रान्समीटर आहे. त्यांच्या आतलं सर्किट वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतं-जोडतं. त्या तोडजोडीचे पडसाद थेट मीडियम वेव्हच्या पट्ट्यात येऊन पडतात आणि भिंतीतल्या वायरिंगवरून घरभर फिरतात.

ताईंच्या पत्रात आवाज दोन आहेत, आणि त्या दोन वेगळ्या भानगडी आहेत. दोन्हींवर एकच औषध करायला गेलात तर काहीच होणार नाही.

घर्रर्र आधी घेऊ, कारण ते सोपं आहे. मशीनबरोबर सुरू होतं, पाय दाबला की चढतं, सोडला की उतरतं. पायाने चालवायच्या मशीनला नंतर बसवलेली ती छोटी मोटर असणार. तिच्या दोन बाजूंना स्क्रू-ड्रायव्हरने उघडणारी दोन टोपणं असतात. प्लग काढून (प्लग काढून!) टोपण फिरवलंत की आतून स्प्रिंगला लागलेली काळी कांडी बाहेर येते. तो कार्बन. फिरणाऱ्या तांब्यावर तो घासतो आणि वीज आत पोचवतो. झिजून आखूड झाला की स्प्रिंगचा दाब कमी पडतो, कार्बन थरथरतो आणि ठिणग्या उडतात. संध्याकाळी दिवा न लावता मशीन चालवून मोटरच्या फटीतून बघा, निळसर चमचम दिसेल. ती चमचम म्हणजेच तुमचं घर्रर्र. पहिला रेडिओ संदेश माणसाने ठिणगीनेच पाठवला होता आणि तुमची मोटर तेच करते आहे, फक्त संदेश सोडून.

कार्बनची जोडी बदला. जुना कार्बन दुकानात न्या, म्हणजे मापाचा मिळेल. बदलल्यावर थोडे दिवस तो तांब्यावर बसायला लागतात, तेवढा धीर धरा. तरीही घरघर उरलीच तर मोटर वायंडिंगवाल्याकडून मोटरच्या अगदी तोंडाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवून घ्या. त्यावर ‘एक्स-२’ आणि ‘२७५ व्होल्ट एसी’ असं छापलेलं पाहिजे. हा प्रकार मुद्दाम घरच्या विजेवर थेट जोडण्यासाठीच बनवलेला असतो. ड्रॉवरमध्ये पडलेला कुठलातरी गोल बटणासारखा कपॅसिटर लावून बघणारे मेकॅनिक असतात. त्यांना लावू देऊ नका, तो कधी जळेल सांगता येत नाही.

इथे एक गंमत. शिलाईच्या कारखान्यांत टेबलाखाली जुनी अवजड क्लच मोटर असते, चालवा न चालवा, सतत हुं करत फिरणारी. तिला कार्बनच नसतो, त्यामुळे रेडिओच्या दृष्टीने ती साधुपुरुष. आता वीज वाचवणारी सर्व्हो मोटर आली आहे. ती कानाला गप्प, पण तिचा कंट्रोल बॉक्स रेडिओत कोलाहल माजवतो. वीज वाचते हे चांगलंच आहे, आणि शिवणाऱ्याच्या कानांनाही आराम पडतो. पण मीडियम वेव्ह ऐकणाऱ्याने सर्व्हो घ्यायच्या आधी ती चालू करून, शेजारी रेडिओ धरून बघावी.

आता गुणगुण. ही मशीन बंद असतानाही राहते, म्हणजे उगम दुसरीकडे. तो हुडकायला कुठलंही यंत्र लागत नाही, रेडिओच पुरे. फक्त तो सेलवर चालवायचा. आधी घरातल्यांना सांगून ठेवा, कुणाचं कॉम्प्युटरवर काम चालू नाही ना बघा, मग मेन स्विच पाडा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. अर्धं जग इथेच फसतं. मेन पाडला तरी इन्व्हर्टर चालूच असतो, आणि घरातला सगळ्यात मोठा गोंगाट्या बऱ्याचदा तोच निघतो.

अंधार केल्यावर गुणगुण गेली? मग ती घरातलीच. एकेक एमसीबी वर करत जा. गुणगुण परतली की त्या एमसीबीवरची उपकरणं एकेक करून काढा. अर्ध्या तासाचं काम आहे. पोरांना बरोबर घ्या, त्यांना यात जाम मजा येते.

हुडकताना आवाजाचा स्वभाव ओळखता आला तर वेळ वाचतो. पंख्याच्या गोल फिरणाऱ्या रेग्युलेटरची भणभण सगळ्या डायलवर सारखी असते आणि पंखा मधल्या वेगावर असताना सर्वांत कडक. खटक्याने पाच टप्पे घेणारा रेग्युलेटर लावला की बहुतेक वेळा ती जाते. चार्जर आणि अडॅप्टर मात्र डायलवर ठरावीक अंतराने डोकं वर काढतात : इथे भुणभुण, पुढे थोडं स्वच्छ, पुन्हा भुणभुण. त्यातली एखादी नेमकी स्टेशनाच्या अंगावर पडली की शीळ येते, आणि ती शीळ एका सुरावर राहत नाही, हळूहळू सरकते. इंडक्शन शेगडीची डरकाळी तर लपतच नाही. ती कुणाच्या घरात चालू आहे हे भिंतीपलीकडूनही सांगता येतं. ताई, ‘गेल्या वर्षीपर्यंत बरं लागायचं’ या तुमच्या वाक्यावर मी अडकलो आहे. गेल्या वर्षभरात घरात नवं काय आलं? वायफाय? कॅमेरा? मशीनवर लावलेली एलईडी ट्यूब? माझा पहिला संशय त्या यादीवर.

आणि मेन पाडूनही आवाज राहिला तर तो शेजाऱ्यांचा किंवा खांबावरचा. खांबावर सैल जोड असेल तर कोरड्या हवेत खरखर वाढते आणि चांगला पाऊस पडून गेला की थांबते. तशी खूण पटली तर त्या खांबाचा नंबर टिपून वायरमनला सांगा. रेडिओचं नाव काढू नका, ‘खांबावर ठिणग्या पडतायत’ एवढंच म्हणा.

एलईडी दिवा गोंगाट करणारा निघाला तर नवा कसा निवडायचा? इथे किंमत काही सांगत नाही. अगदी स्वस्तातले काही दिवे इतक्या साध्या सर्किटचे असतात की रेडिओला त्यांचा पत्ताही लागत नाही, आणि भारीतले काही कोकलतात. आपल्याकडचे दुकानदार बल्ब विकताना गल्ल्यावरच्या होल्डरमध्ये लावून दाखवतात. ही प्रथा जगात इतरत्र किती आहे कोण जाणे, पण आपल्या कामाला ती देवासारखी धावून येते. खिशातला छोटा रेडिओ न्यायचा, स्टेशन नसेल अशा जागी डायल ठेवायचा आणि बल्बापासून हातभर अंतरावर धरायचा. दुकानदार आधी चमत्कारिक बघतो. दुसऱ्या बल्बाला तोच म्हणतो, ‘थांबा, हा दुसऱ्या कंपनीचा लावून बघू.’ तिसऱ्याला गिऱ्हाइकं जमलेली असतात.

गोंगाट्या सापडला पण घरातून काढता येत नाही, असंही होतं. वायफाय बंद ठेवा म्हटलं तर घरात कुणी ऐकणार नाही. मग रेडिओची जागा बदलायची. जवळच्या गोंगाटाचा जोर अंतराबरोबर फार झपाट्याने उतरतो. दोन-तीन फूट सरकवलं तरी फरक कळतो. मशीनच्या टेबलावर, स्विचबोर्डाखाली, एक्स्टेन्शनच्या शेजारी रेडिओ ठेवू नका. लोखंडी कपाटावरही नको. स्लॅबचं घर असेल तर खिडकीशी, कारण स्लॅबमधल्या सळ्या लहर अडवतात. आणि सेलवरच चालवा. विजेवर लावला की भिंतीतला गोंगाट वायरीतून सरळ आत येतो. नवे रिचार्जचे सेट चार्जिंगला लावून ऐकणारे लोक मला भेटतात. चार्जिंग रात्री करा, ऐकणं दिवसा.

यानंतरची गोष्ट माझ्या आवडीची आहे, तेव्हा जरा सैल हाताने लिहितो. मीडियम वेव्हला बाहेर ओढायच्या दांडीचा काही उपयोग नाही, ती एफएम आणि शॉर्टवेव्हची. मीडियम वेव्हची एरियल रेडिओच्या पोटात असते : काळ्या फेराइटची कांडी, तिच्यावर तारेचे वेढे, बहुतेक सेटमध्ये वरच्या कडेला आडवी. या कांडीला दोन कडांकडून, म्हणजे तिच्या टोकांच्या रोखाने, ऐकू येत नाही. समोरून आणि पाठीमागून उत्तम येतं. आता खुबी अशी की, उत्तम ऐकू येण्याची दिशा ऐसपैस आहे, सेट तीस-चाळीस अंश वळवला तरी स्टेशन विशेष कमी होत नाही. बहिरेपणाची दिशा मात्र अगदी अरुंद. म्हणून स्टेशनाच्या दिशेने सेट वळवण्यात अर्थ नाही. लग्नाच्या पंगतीत नको त्या पाहुण्याकडे खांदा करून बसावं, तशी रेडिओची कड गोंगाटाकडे करायची. सासवडहून हडपसर वायव्येला. तोंड किंवा पाठ वायव्येला ठेवून सुरुवात करा, आणि मग सेट अगदी सावकाश फिरवा. एका जागी गुणगुण एकदम बसते आणि निवेदकाचा श्वास ऐकू येतो. त्या जागी टेबलावर खडूने रेघ मारून ठेवा. शिंप्याच्या घरी खडूला काय तोटा!

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, मोबाइलवर ‘न्यूज ऑन एअर’ लावा. लावा की. पण तिथे सगळं काही सेकंद मागून येतं. ज्यांचं दूध, शाळेचा डबा आणि गिऱ्हाइकाची वेळ तासाच्या ठोक्यावर चालते, त्यांना हे जाणवतं. शिवाय कामात हात गुंतलेले असताना फोन वाजला की कार्यक्रम गेला.

काम करताना ऐकणाऱ्याला मोठा आवाज नको असतो, स्वच्छ आवाज हवा असतो. बीबीसीने हे १९४० मध्येच ओळखलं होतं. युद्धाच्या धामधुमीत कारखान्यांसाठी त्यांनी ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ हा कार्यक्रम सुरू केला आणि तो १९६७ पर्यंत चालला. त्यात एकदम हळू आणि एकदम जोरात अशी चढउतार असलेली गाणी घेत नसत, हळू भाग यंत्रांच्या आवाजात बुडून जातो म्हणून. टाळ्या वाजवायला लावणारं एक लोकप्रिय अमेरिकन गाणं तर बंदच केलं, कारण कामगार टाळ्यांच्या जागी हातातले पाने यंत्रांवर आपटायचे. आपल्या आलापीचंही मशीनवर तेच होतं. मंद्रातलं सगळं टाक्यांखाली दबतं, तान तेवढी वर येते. बातम्या आणि श्रुतिका मात्र तग धरतात.

जाता जाता, फिलाडेल्फियाहून भावाने आणलेल्या डिजिटल सेटवर ७९२ लागत नाही, अशी तक्रार करणाऱ्या नाशिकच्या काकांना : सेट बिघडलेला नाही. अमेरिकेत मीडियम वेव्हची स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, आपल्याकडे ९ च्या. तुमचा सेट ७९० वरून थेट ८०० वर उडी मारतो. मागे किंवा सेलच्या खणात ९/१० असा खटका असतो. तो नसेल तर सूचनांच्या कागदात कुठली बटणं दाबून धरायची ते दिलेलं असतं. मात्र नाशिकला दिवसा पुणे कष्टानेच लागेल. तुम्हाला चौकट हवीच.

तेव्हा चौकट पुढच्या आठवड्यात, नक्की. तोवर जमवून ठेवा : दोन फुटी लाकडी पट्ट्या दोन, अधिक चिन्हासारख्या जोडता येतील अशा, तीसेक मीटर एनॅमलची तार, आणि जुन्या रेडिओतला गँग, म्हणजे स्टेशन बदलताना फिरणारा कपॅसिटर. गँग नवा मिळणं अवघड झालं आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जुनं सामान विकणाऱ्यांकडे चौकशी करा, नाहीतर कुणाचा मेलेला ट्रान्झिस्टर भंगारात जाण्याआधी मागून घ्या.